फुकटचा दवाखाना महाग का पडतो?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या पत्रकात पहिला विषय कापसाच्या भावाचा आहे, दुसरा पीकविम्याचा, आणि तिसऱ्या क्रमांकाला 'दवाखाना' असा एकच शब्द छापला आहे. सकाळपासून चार-पाच जणांनी विचारले, की संघटनेच्या मेळाव्यात दवाखान्याचे काय काम? आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे. कोणत्या तापाला कोणती गोळी, हे आम्ही सांगणार नाही. पण माणूस आजारी पडला म्हणजे कोणत्या डॉक्टरच्या दारात जातो, किती दिवसांनी जातो, आणि जवळचे दार सोडून लांबचे का धरतो, हा प्रश्न निम्मा वैद्यकीचा आहे आणि निम्मा हिशेबाचा. हिशेब आपल्याला कळतो.

शहरातल्या सुशिक्षित मंडळींचे याबाबतचे मत ठरलेले आहे. खेडूत अडाणी आहे, अंधश्रद्धाळू आहे, सरकारने फुकट दवाखाना बांधून दिला तरी तो बोगस डॉक्टरकडे जाऊन सुई टोचून घेतो. त्याचे 'प्रबोधन' केले की सुधारेल. हीच मंडळी पूर्वी म्हणत, की शेतकरी अडाणी आहे म्हणून सुधारित बियाणे वापरत नाही. संकरित ज्वारीची सीएसएच-१ ही पहिली जात १९६४ साली आली. ज्याला ती परवडली त्याने कोणाच्या प्रबोधनाची वाट पाहिली नाही. परवडली नाही त्याने सोडून दिली. दवाखान्याचेही तसेच असले पाहिजे, असे धरून आपण चालू.

आधी कागदावर काय आहे ते पाहू. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. २ ऑक्टोबर १९५२ पासून समुदाय विकास कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. आजचा दंडक असा, की सपाट मुलखात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र. डोंगरी व आदिवासी भागात २०,००० आणि ३,०००. त्याच भोर समितीच्या शिफारशीनंतर लायसन्शिएट डॉक्टर घडवणे थांबले. पदवीधराचेच शिक्षण ठेवायचे ठरले. एल.सी.पी.एस. अशी पाटी लावून तालुक्याच्या गावी जन्म काढणारा डॉक्टर आपल्या आज्या-आजोबांना आठवत असेल. दर्जा वाढावा हा हेतू चांगलाच होता. पण पदवीधर खेड्यात उतरला नाही आणि लायसन्शिएट संपला. मधली जागा मोकळी राहिली. मोकळ्या जागेत काय उगवते ते वाहितीत हयात घालवलेल्यांना सांगायला नको.

२०१७-१८ साली राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५ वी फेरी झाली. ग्रामीण भारतात अंथरूण धरण्याइतकी मोठी नसलेली जी आजारपणे नोंदली गेली, त्यांतल्या सुमारे एक-तृतीयांशच सरकारी दवाखान्यात गेल्या. बाकीची बहुतेक खाजगीत. म्हणजे तीनातले दोन वेळा माणूस फुकटचे दार सोडून पैसे घेणाऱ्याच्या दारात गेला. आता हिशेब मांडू. आकडे आम्ही समजा म्हणून धरतो. तुम्ही तुमच्या गावचे घाला.

घरच्या बाईला दोन दिवस ताप आहे. आरोग्य केंद्र बारा किलोमीटरवर. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार नि:शुल्क आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. जाण्यायेण्याचे माणशी ६० रुपये. एकटी जात नाही, सोबत कोणी तरी लागते, झाले १२०. तिची रोजी ३०० बुडाली, सोबत्याची ४०० बुडाली. एकूण ८२०. बाहेरचे रुग्ण तपासण्याची मुख्य वेळ सकाळची. नेमकी तीच निंदणाची, डवऱ्याची, वेचणीची वेळ. गाडी भरेपर्यंत काळी-पिवळी हलत नाही. पोचेपर्यंत साहेब मीटिंगला गेलेले असले, की दुसऱ्या दिवशी पुन्हा ८२०. आणि गावातला डॉक्टर? दीडशे रुपये. त्यात सुई आली, दोन दिवसांच्या पुड्या आल्या, अर्ध्या तासात माणूस घरी. संध्याकाळी वावरातून आल्यावर हातपाय धुऊन जाता येते. रात्री अकराला दार वाजवले तरी उघडतो.

एका म्हातारबाबांनी आम्हांला सांगितले ते शब्द तसेच ठेवतो : "सरकारी दवाखाना फुकट हाय ना भाऊ, पण तिथं जा लागते त दिवस बुडते." अर्थशास्त्राच्या पुस्तकात यालाच मोठे नाव आहे. म्हातारबाबांचे वाक्य जास्त स्वच्छ आहे.

पण नुसत्या पैशाच्या आकड्याने भागत नाही. पैसा केव्हा हातात असतो, हे त्याहून मोठे. कोरडवाहू माणसाच्या वर्षाला दोन बाजू आहेत. जूनमध्ये बियाणे, खत, मजुरी यांत होते-नव्हते ते मातीत जाते. तिथून सीतादहीची पूजा होऊन पहिला वेचा घरी येईपर्यंत कनवटीला काही नसते. पोळ्याला बैलाला झूल घ्यायची तरी उसनवारी. कापूस विकला जातो दिवाळीनंतर, संक्रांतीपर्यंत; चुकारा हातात पडायला आणखी उशीर. आता आजाराचे वर्ष पाहा. हिवताप, डेंग्यू, हगवण, सर्पदंश, फवारणीची विषबाधा हे सगळे आखाडापासून दसऱ्यापर्यंत. कनवटी रिकामी असते तेव्हा आजार भरात असतो, आणि पैसा येतो तेव्हा हंगाम थंडावतो. त्यातून आजारात पडलेला माणूस त्या चार महिन्यांत निंदण-फवारणीला चुकला, की येणारा पैसाही तेवढा कमी.

अशा वेळी माणूस त्याच्याच दारात जाईल जो म्हणेल, "राहू दे, चुकाऱ्यावर दे." गावातल्या डॉक्टरचे खरे औषध हे आहे. त्याच्या वहीत आपले नाव आहे. सरकारी दवाखान्याला वही नाही. शहरातल्या मोठ्या दवाखान्याला अनामत लागते. कृषी केंद्रवाला आणि हा डॉक्टर हे सख्खे भाऊ आहेत. दोघेही उधार देतात, दोघेही सल्ला फुकट देतात, आणि दोघांचाही सल्ला त्यांच्या कपाटात असलेल्या मालाबाहेर जात नाही. सल्ला देणारा आणि माल विकणारा एकच असला, की फवारे वाढतात. तसेच सुया वाढतात.

त्या सुईविषयी आणि सलाईनविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण यात आपलाही हात आहे. ज्या डॉक्टरने नुसते तपासून, 'काही नाही, विषाणूचा ताप आहे, पाणी पी, आराम कर, तीन दिवसांनी उतरेल' असे सांगितले त्याला आपण काय म्हणतो? याला काही येत नाही. ज्याने बाटली लटकवली तो हुशार. अर्धा लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. पाच-सहा चमचे. मिठाच्या पाण्याची बाटली असेल तर मीठ साडेचार ग्रॅम, चमचाभरही नाही. ज्याला हगवण-वांतीने पार कोरडे केले आहे, ज्याच्या तोंडाने पाणी ठरत नाही, त्याचा जीव ही बाटली वाचवते यात शंका नाही. पण चालत आलेल्या माणसाला 'ताकदीसाठी' लावलेली बाटली म्हणजे लिंबू-सरबताचा एक पेला, तोही शिरेतून आणि चारशे रुपयांना. आम्ही पिकाच्या पोषणाचा हिशेब शिकलो आहोत. एवढ्या साखरेत ताकद भरते म्हणणे म्हणजे वाटीभर युरियात एकर पिकवण्यासारखे आहे.

युरियावरून आठवले. युरिया टाकला की चार दिवसांत पीक काळेभोर दिसते. दिसण्याचा गुण लगेच. जमिनीत काय कमी होते ते तसेच राहते, वर मावा-तुडतुडे वाढतात. काही सुयांत स्टेरॉईड असते. ताप, अंगदुखी, दमा यांना घटकाभर उतार पडतो, भूक लागते, माणूस म्हणतो की हाताला गुण आहे. आतला रोग तसाच, आणि वरून साखर वाढण्याचा, हाडे ठिसूळ होण्याचा, अंगातली झुंज कमी होण्याचा धोका. कोणत्या सुईत काय होते हे विचारायची आपल्याला सवय नाही. कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण तरी आपण पाहू लागलो : लाल म्हणजे जहाल. सुईचा रंग कोणी पाहत नाही.

तरीही सगळा दोष गावातल्या डॉक्टरवर टाकायला आम्ही तयार नाही. त्यांच्यात पदवी घेतलेले वैद्य आहेत, होमिओपॅथ आहेत, आणि काही निव्वळ बोगस आहेत. तिघांना एका मापाने मोजू नये. पण त्यांच्यातल्या चांगल्या माणसाकडे एक गोष्ट असते ती सरकारने कधी विकत घेतली नाही. तो आपल्याला नावाने ओळखतो. 'तुझ्या बापाला दमा होता ना?' असे विचारतो. बसायला सांगतो. बदलीवर आलेला, दीड वर्षात निघून जाणारा डॉक्टर मान खाली घालून चिठ्ठी लिहितो तेव्हा औषध तेच असले तरी माणूस पुन्हा जात नाही. 'काहून आला? इतके दिवस काय झोपला होता?' असे बोलणे एकदा ऐकले की शेजारच्या दहा घरांची वाट बंद होते.

विलायतेत वेल्समध्ये ग्लिनकोरुग नावाचे कोळसा खाणीचे एक खेडे आहे. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे तिथे वर्षानुवर्षे डॉक्टर होते. तिकडे १९४८ पासून सरकारी आरोग्य सेवा आहे. प्रत्येकाचे नाव एका घरच्या डॉक्टरकडे नोंदलेले आणि त्याच्या भेटीला पैसे नाहीत. असे असूनही १९७१ साली या गृहस्थांनी लिहिले, की जिथे आजार जास्त तिथे चांगली सेवा कमी, आणि बाजाराच्या हाती जितके सोपवाल तितका हा फरक वाढेल. आपल्या चळवळीत बाजाराबद्दल वेगवेगळी मते आहेत, त्यात आज शिरत नाही. आपल्या कामाचे ते पुढचे आहे. त्यांनी लोक येण्याची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच कामासाठी आलेल्या खाणकामगाराचाही रक्तदाब मोजायचा, आणि जो येतच नाही त्याला गाठायचे. असे करत गावातल्या प्रौढांचे रक्तदाब त्यांनी नोंदवून ठेवले. वीस-पंचवीस वर्षांनी पाहिले तेव्हा शेजारच्या तशाच गावापेक्षा तिथे अवेळी होणारी मरणे कमी होती. हे जमले, कारण ते त्याच गावात राहत होते.

रक्तदाब आणि साखर हे आता आपल्या गावांतही घरोघर आहेत. ते दुखत नाहीत, ही त्यांची खोड. दुखत नाही म्हणून दवाखाना नाही; गोळी चालू केली तरी बरे वाटले की बंद. ज्वारीच्या बियाण्याला पेरणीआधी किलोला चार ग्रॅम गंधक आपण का चोळतो? तेव्हा दाण्यावर काहीच दिसत नसते. कणसात काणी दिसली की मग गंधकाची गोणी ओतली तरी उपयोग नाही. रक्तदाबाची गोळी म्हणजे ते गंधक आहे. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि साखर तिथे तपासली जावी, गोळ्या मिळाव्यात, असे ठरले आहे. तुमच्या उपकेंद्रात हे होते की दाराला कुलूप असते, हे तुम्हीच सांगायचे आहे.

मायबहिणींनो, आता तुमच्याकडे येतो. गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्याने दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना बायकांच्या आजारांपैकी काही ना काही होते. आणि त्याआधी कधी तरी तशी तपासणी झालेल्या किती? शंभरात आठ. मधल्या चौऱ्यांशी जणींना त्रास नव्हता असे नाही. अर्ध्याहून जास्त बायकांनी विचारल्यावर तक्रारी सांगितल्या. पण विचारणार कोण? अंगावरून पांढरे जाते हे पुरुष डॉक्टरला कसे सांगायचे, सोबत आलेल्या दिराच्या देखत कसे सांगायचे? घरात पैसा कोणाच्या हातात? बैल लंगडला तर त्याच दिवशी जनावरांचा डॉक्टर येतो. घरधनीण कमरेला पदर आवळून हंगाम काढते. हे आम्ही टोमणा म्हणून सांगत नाही. बैल थांबला की पेरणी थांबते हे डोळ्यांना दिसते. बाई थांबतच नाही, म्हणून दिसत नाही. आशाताई २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आल्या, तेव्हापासून निदान गावात बोलायला एक बाई आहे. बायका दवाखान्यात येत नाहीत अशी तक्रार असणाऱ्यांनी आधी तिथे आठवड्यातून एक ठरलेला दिवस बाई-डॉक्टर बसवावी, आणि मग मोजावे.

योजनेविषयी फार बोलत नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. आता तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतची सोय सांगितली आहे. ती सोय भरती होऊन ठरावीक उपचार घेण्याची आहे. साध्या तापाच्या दीडशे रुपयांना ती लागू नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेला पैसे आहेत आणि हृदय बिघडू नये म्हणून लागणाऱ्या गोळीला, गाडीभाड्याला, बुडालेल्या रोजीला नाहीत. तालुक्यात योजनेचे रुग्णालय नसेल तर कार्ड पेटीत राहते. असो.

फवारणीचे मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. फवारणाऱ्याला मळमळ होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. तो म्हणतो ऊन लागले. घरी येऊन झोपतो. रात्री गावातल्या डॉक्टरकडे चक्करेची सुई घेतो. त्यात जी रात्र जाते ती परत मिळत नाही. घाम-लाळ फार सुटणे, डोळ्यांतून पाणी, बाहुली बारीक होणे, स्नायू फडफडणे, दम लागणे, यांतले काही दिसले की कपडे उतरवायचे, साबणाने अंग धुवायचे आणि १०८ ला फोन करायचा. आणि डबा सोबत न्यायचा. डबा किंवा निदान त्याचे लेबल. सेंद्रिय फॉस्फरसच्या औषधाला उतारा वेगळा, दुसऱ्या गटाच्या औषधाला तो उतारा लागू पडत नाही. दोन-तीन औषधे एकत्र कालवली असतील तर तिन्ही डबे न्या. डॉक्टरला डबा दाखवण्याची लाज वाटते, पोलीस येतील अशी भीती वाटते, मालक नको म्हणतो, हे आम्ही ऐकले आहे. ज्याच्या वावरात मजूर फवारतो त्या मालकाने ती भीती स्वतःच्या अंगावर घ्यावी, एवढे या मेळाव्यात ठरले पाहिजे.

आता मागायचे काय. नवी इमारत मागणे सोपे असते. इमारतीला कंत्राटदार असतो. आम्ही वेळ मागतो. आरोग्य केंद्राच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत डॉक्टर बसलाच पाहिजे. त्या दिवशी माणूस तसाही येतो, गाडीभाडे वेगळे पडत नाही, रोजी बुडत नाही. जून ते ऑक्टोबर रात्री एक माणूस मुक्कामी असलाच पाहिजे, आणि सर्पदंशाची लस कपाटात असलीच पाहिजे. ज्याची बदली होते त्याच्या जागी माणूस येईपर्यंत जुन्याला सोडू नये. गावाच्या आरोग्य समितीला दरवर्षी अबंधित निधी येतो. तो कशावर गेला हे ग्रामसभेत वाचून दाखवावे.

हे मागायला जाताना अंगात नुसता जोर असून चालणार नाही, कागद लागतो. म्हणून प्रत्येक गावशाखेने एक वही घालावी. गेल्या आखाडापासून दसऱ्यापर्यंत गावात कोण कोण आजारी पडले ते घरोघर विचारून लिहायचे. नाव लिहू नका, घराचा अनुक्रमांक पुरे. किती दिवसांनी दवाखाना गाठला, पहिल्यांदा कोणाकडे, एकूण खर्च किती, त्यात गाडीभाडे किती, बुडालेली रोजी किती, पैसे रोख की उधार. बायकांचे बायकांनी विचारावे. आशाताईंना सोबत घ्या, पण त्यांच्या गळ्यात काम टाकू नका. त्यांना आधीच पुष्कळ रजिस्टरे आहेत. सरकारी दवाखान्यात जाऊन परत आलेल्या माणसाला एवढेच विचारा, की डॉक्टर होता का, औषध तिथेच मिळाले का, बाहेरून आणायला चिठ्ठी दिली का. या वह्या तालुका बैठकीला आणा. तिथे बेरीज करू आणि ती बेरीज घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ. ज्या गावांनी आज नावे दिली नाहीत त्यांनी जेवणाच्या सुट्टीत कार्यालयाच्या टेबलावर द्यावीत, आखलेल्या वह्या तिथे ठेवल्या आहेत.